तीन मिलिसेकंदांची आग



बक्षिसांची वाट बघताय, म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो: इंजिनातल्या आगीवर.

मुलुंड स्टेशनबाहेरची सीएनजी रिक्षा घ्या. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो. त्यातले ज्वलनाला मिळतात जेमतेम तीन. सीएनजीतला मिथेन आणि हवा यांचं मिश्रण शांत ठेवून पेटवलं, तर ज्योत त्यात सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगानं शिरते. एवढ्या संथपणे गॅस जळेपर्यंत पिस्टन खाली निघून जाईल. मग रिक्षा चालते कशी? भोवऱ्यांमुळे. व्हॉल्व्हमधून घुसणारी हवा घुसळली जाते, भोवरे ज्योतीला सुरकुत्या पाडतात, तिचं क्षेत्रफळ वाढतं आणि ज्वलन वेग घेतं. फेरे वाढले की भोवरेही जोर धरतात, त्यामुळे आग इंजिनाच्या बरोबरीनं धावते. मला हे आजही विलक्षण सुंदर वाटतं.

हेच संगणकावर उतरवणं मात्र महाकठीण. मोठा भोवरा सेंटिमीटरांचा, सगळ्यात लहान मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. सगळेच सोडवायचे म्हटलं तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाच्या खवळलेपणाचं माप, दुप्पट होताच गणित जवळजवळ आठपट वाढतं. रसायनशास्त्र वेगळंच. म्हणून मोठे भोवरे सोडवायचे, लहानांचा परिणाम सूत्रानं धरायचा. त्यासाठीचं एक गाजलेलं सूत्र १९६३ साली जोसेफ स्मॅगोरिन्स्की या हवामानशास्त्रज्ञानं दिलं. ढगात काय, सिलिंडरमध्ये काय, प्रवाहाची मूळ समीकरणं तीच! ती सोडवायला महासंगणक लागतो. आपल्याला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. असली गणितं करायची ताकद आपण अशी कमावली आहे.

एक आग्रह धरतो. पडद्यावरच्या रंगीत ज्योतीला भुलू नका. लहान भोवऱ्यांचं सूत्र हा आपला अंदाज असतो. टेस्ट बेडवर मोजलेल्या दाबाशी उत्तर जुळलं तरी थांबू नका, कारण दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. तापमान तपासा, धुरातला नायट्रोजन ऑक्साइड तपासा.

आता हायड्रोजन येतोय. त्याची ज्योत कितीतरी पट वेगवान, आणि इंधन कमी असलेल्या मिश्रणात ती भोवऱ्यांवाचूनही आपोआप सुरकुतते. पेट्रोल-सीएनजीसाठी घडवलेली सूत्रं तिथं अपुरी पडतात, नवी घडवावी लागणार आहेत. प्रवाहाची गणितं करणारं ‘ओपनफोम’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, लॅपटॉपवर चालतं. सुट्टीत बंद डब्यातली एक ज्योत सोडवून बघा. कार्यक्रमानंतर मी इथंच आहे, प्रश्न घेऊन या.