गाडी वरून नाही, खालून बघा

आज जरा हौसेचा विषय घेऊ. बर्फाच्या प्रदेशात जुनी लक्झरी गाडी घ्यायची का?

कॅनडातल्या आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी मिसिसागात एक ९ वर्षं जुनी जर्मन सेडान बघायला गेलो. काळी, चकचकीत, लेदरच्या गरम होणाऱ्या सीट. किंमत ११,५०० डॉलर, म्हणजे आमची जवळजवळ सगळी बचत. बाहेर उणे १२. बायको आत बसली आणि म्हणाली, "हीच घेऊ या."

पण ऑफिसातल्या एकानं बजावलं होतं, पैसे देण्याआधी आपल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघ. दीडशे डॉलर गेले. मेकॅनिकनं मागच्या सबफ्रेमला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर गंजाचे पापुद्रे खाली पडले. ब्रेकचे पाइपही गंजलेले. त्यानं एवढंच विचारलं, "यात लहान मुलं बसणार आहेत का?"

मी किल्ली परत दिली.

हे होतं मिठामुळे. मिठाचं पाणी शून्याखालीही लगेच गोठत नाही, म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. तेच खारं पाणी गाडीच्या पोटाला चिकटतं. कोकणातल्या माणसाला खिडकीच्या गजांचं काय होतं ते सांगायला नको! कडक थंडीत गंज हळू चढतो, ऊब मिळाली की वेगानं. त्यामुळे "गाडी कायम गरम गॅरेजमध्ये असायची" एवढ्यावर भुलू नका. हिवाळ्यात खालून धुतली जायची का, ते विचारा.

दुसरं, गाडीची किंमत वयानुसार उतरते, सुट्या भागांची नाही. एअर सस्पेन्शन बिघडलं तर बिल नव्या गाडीच्या तोलाचंच येतं. काही मॉडेलचे पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतात, ते आलटून-पालटून लावता येत नाहीत.

आणि ऑल-व्हील ड्राइव्हचा भ्रम नको. ती गाडी बर्फातून निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतात ते विंटर टायर. साधारण ७ अंशांखालीही त्यांचं रबर मऊ राहतं. त्यांचा खर्च आधीच धरा.

कागदांचं म्हणाल, तर ओंटारियोत खासगी विक्रेत्यानं तुम्हाला वाहनाच्या माहितीचं सरकारी पॅकेज द्यायचं असतं. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, ते त्यात बघा. सेफ्टी सर्टिफिकेट ३६ दिवस चालतं, पण ते तपासणीच्या दिवसापुरतं बोलतं. ती वॉरंटी नव्हे.

शेवटी आम्ही साधी, कापडी सीटची गाडी घेतली. जानेवारीत बसलं की हुडहुडी भरते आणि बायको टोमणा मारते. मारू दे. ब्रेक लागतात ना!

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.