एक दिवस हात थांबले, पुढे काय?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो,

कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाचा ठराव आपल्यापुढे आहेच. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज दूरदेशीच्या एका आंदोलनाचा हिशेब मांडायचा आहे. १ मे २००६ रोजी अमेरिकेत बाहेरून पोटासाठी आलेल्या मजुरांनी देशभर हात थांबवले. आपल्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी उठून म्हणतो, 'एकदा कडकडीत बंद पाळू, मग सरकारला कळेल.' एका दिवसाच्या बंदने काय मिळते आणि काय मिळत नाही, ते या हिशेबात दिसते.

ही माणसे कोण? त्या वेळी अमेरिकेत कागदपत्रे नसलेली १ कोटी १० ते २० लाख माणसे असावीत असा अंदाज होता. बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. भाजी तोडणारी, मांसाच्या कारखान्यात राबणारी, दुसऱ्याची घरे बांधणारी, दुसऱ्याची मुले सांभाळणारी. त्यांच्यात पावसावर मका पिकवणारे शेतकरीही होते. १९९४ साली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा व्यापारकरार लागू झाला. सरकारी अनुदानावर पिकलेला अमेरिकेचा मका मेक्सिकोच्या बाजारात उतरला आणि तिथल्या मक्याचा भाव पडला. ज्याच्या अनुदानाने शेती मोडली, त्याच्याच देशात मजुरीला जायची पाळी आली. अमेरिकेतल्या कापसाच्या अनुदानाचा मार आपणही खाल्ला आहे. म्हणून ही माणसे मला परकी वाटत नाहीत.

१६ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेच्या खालच्या सभागृहाने २३९ विरुद्ध १८२ मतांनी एक विधेयक मंजूर केले. कागदपत्रांशिवाय देशात असणे हाच तुरुंगात धाडण्याजोगा गुन्हा, आणि अशा माणसाला मदत करणाराही गुन्हेगार, असे त्यात होते. लॉस एंजेलिसचे कार्डिनल मॅहोनी यांनी १ मार्च २००६ ला जाहीर केले की, असा कायदा झाला तर तो मोडायला मी माझ्या पाद्र्यांना सांगेन.

आता संघटना कशी झाली ते पाहा. मोठा पुढारी नव्हता, मोठा पैसा नव्हता. चर्च होते, कामगार संघटना होत्या, एकेका गावाहून आलेल्यांची मंडळे होती. आणि स्पॅनिश भाषेतला रेडिओ होता. पहाटे कामावर जाणारा मजूर तोच ऐकतो. एकमेकांचे श्रोते पळवणारे निवेदक या कामासाठी एकत्र बसले. त्यांनी लोकांना साध्या गोष्टी सांगितल्या : पांढरे कपडे घाला, शांततेने चाला, केरकचरा मागे ठेवू नका. १० मार्चला शिकागोत लाखावर माणूस रस्त्यावर आला. २५ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांच्याच मोजणीने ५ लाख. १० एप्रिलला शंभरावर शहरांत मोर्चे निघाले.

मग १ मेची हाक आली : काम नाही, शाळा नाही, खरेदी नाही, विक्री नाही. दिवस विचारपूर्वक निवडला होता. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली शिकागोत जो लढा झाला, त्यातही परदेशातून आलेले कामगार पुढे होते.

या हाकेवर फूट पडली, हे लपवायचे कारण नाही. कार्डिनल मॅहोनीच म्हणाले, कामावर जा, मुलांना शाळेत पाठवा, मोर्चा नंतर काढा. ते भित्रे नव्हते. ज्याच्याकडे कागद नाही त्याची नोकरी गेली तर तो दाद कुणाकडे मागणार, हा प्रश्न खरा होता. आणि गैरहजर राहिल्याबद्दल काही ठिकाणी मजुरांना कामावरून काढलेही.

तरी दिवस गाजला. शिकागोत सुमारे ४ लाख माणूस निघाला. मांसाच्या धंद्यातल्या टायसन कंपनीने डझनभर कारखाने बंद ठेवले. कारगिलने सात कारखाने बंद ठेवून १५ हजारांवर कामगारांना सुटी दिली. इथे थांबून विचार करा. एकटा मजूर घरी राहिला तर तो गैरहजर ठरतो. सगळेच घरी राहणार असे दिसले, तेव्हा मालकाने स्वतःच फाटकाला कुलूप लावले.

आता जमाखर्च. जमेच्या बाजूला मोठी गोष्ट आहे : ते विधेयक कायदा झाले नाही. वरच्या सभागृहाने २५ मे २००६ ला ६२ विरुद्ध ३६ मतांनी वेगळे, काहीसे सौम्य विधेयक मंजूर केले आणि दोघांचा मेळ कधीच बसला नाही. खर्चाच्या बाजूलाही बघा. ऑक्टोबर २००६ मध्ये सरहद्दीवर ७०० मैल कुंपण घालण्याचा कायदा झाला. डिसेंबरात मांसाच्या सहा कारखान्यांवर एकाच दिवशी धाडी पडल्या, सुमारे १३०० मजूर पकडले गेले. पुढच्या वर्षी १ मेचे मोर्चे फार लहान निघाले. रीतसर कागदपत्रे द्या ही मूळ मागणी २००७ साली पुन्हा अडकली, ती अडकलेलीच आहे.

म्हणजे एका दिवसाने वाईट कायदा अडवता आला. हक्काचा कायदा आणता आला नाही.

त्याच देशातले दुसरे उदाहरण घ्या. १९६५ साली कॅलिफोर्नियात डेलानो इथे द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिआँग यांच्या पुढाकाराने संप केला. काही दिवसांतच सेझार चावेझ यांचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. नुसत्या संपाने भागेना, तेव्हा त्यांनी शहरातल्या गिऱ्हाइकाला हाक दिली : ही द्राक्षे घेऊ नका. सगळ्यावर बहिष्कार नाही. एकच माल, एकच मागणी, मालकाने युनियनशी करार करावा. पाच वर्षे हे चालले. जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या.

भावांनो, हे आपल्याला लागू करताना एक फरक ध्यानात ठेवा. १ जून २०१७ ला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा दूध आणि भाजी थांबल्याचे शहराला लगेच कळले. कापसाचे तसे नाही. कापूस घरात टिकतो, पण त्याच्या धन्याला थांबता येत नाही. सावकार दारात असतो, कृषी केंद्राची उधारी असते, पोरीचे लग्न असते. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक आहे.

म्हणून बंदची तारीख ठरवण्याआधी तीन कामे करा. गावोगाव यादी करा : कापूस कोण थांबवू शकतो आणि कोणाला आठवडाभरही जमणार नाही. जो थांबू शकत नाही त्याची सोय गावाने आधी लावावी, नाहीतर पहिली गाडी त्याचीच निघेल आणि दोष त्याच्या माथी येईल. दुसरे, मागणी एकच ठेवा आणि ती कोणाकडे मागायची ते ठरवा. तिसरे, बंदच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षभराच्या बैठका आजच लिहून काढा.

एवढे झाले तर तारीख जाहीर करायला मी तुमच्याबरोबर उभा आहे. झाले नसेल तर तारीख पुढे ढकलू, त्यात कमीपणा नाही.

जय किसान!