अंतराळातील रेणू आणि जीवनाची रासायनिक पहाट

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची विस्तीर्ण खाण आहे. तेथील ग्रॅनाइट खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातील खनिजात तांबे, लोह आणि गंधक एकत्र बांधलेले आढळतात. ही तिन्ही मूलद्रव्ये पृथ्वीवर निर्माण झालेली नाहीत. सूर्यापेक्षा कितीतरी मोठ्या ताऱ्यांच्या अंतरंगात आणि ताऱ्यांच्या स्फोटांत ती घडली, अवकाशात विखुरली आणि पुढे ज्या मेघातून सूर्यमाला जन्मली त्या मेघात मिसळली. मानवी शरीरातही सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते. श्वासातून आलेल्या ऑक्सिजनचा उपयोग पेशीला करून देणाऱ्या विकराचे काम त्याच्यावाचून चालत नाही. खाणीतला दगड आणि माणसाचा श्वास यांचे हे नाते ध्यानी घेतले, म्हणजे जीवनाचा आरंभ शोधण्यासाठी आकाशाकडे का पाहावे लागते, हे उमजते.

ताऱ्यांमधील पोकळी पूर्ण रिकामी नसते, तेथे विरळ वायू आणि सूक्ष्म धूळ असते. तरीही अशा निर्जन प्रदेशात अणूंची गाठ पडून रेणू तयार होत असतील, असे शतकापूर्वी फारसे कोणाला वाटत नव्हते. १९३७ ते १९४१ या काळात ताऱ्यांच्या प्रकाशपटांत दोन अणूंच्या साध्या रेणूंच्या खुणा ओळखल्या गेल्या. पुढचे काम रेडिओ दुर्बिणींनी केले. प्रत्येक रेणू ठराविक तरंगलांबीच्या लहरी देतो वा शोषतो. ती त्याची सहीच म्हणावयाची. या सहीवरून १९६३ मध्ये हायड्रॉक्सिल, १९६८ मध्ये अमोनिया आणि १९६९ मध्ये पाणी व फॉर्माल्डिहाइड सापडले. आज अशा रेणूंची संख्या तीनशेच्या वर गेली आहे.

उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत हे रसायनशास्त्र कसे चालते? त्याचे उत्तर धुळीच्या कणांत आहे. वायूतील अणू क्वचितच एकमेकांना भेटतात. कणावर येऊन चिकटलेले अणू मात्र तेथे सरकत राहतात, एकमेकांना गाठतात आणि जोडले जातात. कणांवर बर्फाचा पातळ थर साचतो, त्यावर जंबुपार किरण पडतात आणि साध्या रेणूंतून अधिक गुंतागुंतीचे रेणू घडतात.

ही सामग्री पृथ्वीपर्यंत पोचते, याचा पुरावा उल्कापाषाणांनी दिला. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या पाषाणात श्रीलंकेत जन्मलेले शास्त्रज्ञ सिरिल पोन्नंपेरुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमिनो आम्ले मिळाली. त्याआधी १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी साध्या वायूंत विजेच्या ठिणग्या पाडून तीच आम्ले प्रयोगशाळेत बनविली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहाची माती यानाने पृथ्वीवर आणली. जीवसृष्टी वापरते त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा आणि जनुकीय रेणूंतील पाचही मूळ घटक तिच्यात असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. जीवनाची सामग्री अवकाशातून येते, हे सिद्ध आहे. प्रत्यक्ष जीव अवकाशातून आला, हे सिद्ध नाही. सर फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी हे दुसरे मत हिरिरीने मांडले. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. परंतु मत पटत नाही म्हणून त्याची परीक्षाच करावयाची नाही, हाही विज्ञानाचा मार्ग नव्हे. ती परीक्षा भारतात झाली, आणि तिचे नेतृत्व हॉयल यांचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी केले.

जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी हैदराबाद येथून महाकाय फुगे सोडण्यात आले. दुसऱ्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक केलेल्या, द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या नळ्यांत गोळा केली गेली. नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुणे येथील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत झाली. जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. एकीला हॉयल यांचे, दुसरीला इस्रोचे आणि तिसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. जंबुपार किरणांना त्या आपल्या निकटच्या जातींपेक्षा अधिक प्रतिकार करीत होत्या.

पुढे काय म्हणावयाचे? मोठा दावा करण्याचा मोह कोणालाही झाला असता. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना मात्र स्पष्ट सांगण्यात आले, की हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असे या प्रयोगावरून निश्चित ठरत नाही. संशोधन पुढे नेण्यास उत्तेजन तेवढे मिळते. नव्या जाती पृथ्वीवरच्या जातींच्या नात्यातल्या होत्या, आणि पृथ्वीवरचे जीवाणू तेवढे उंच चढत असतील ही शक्यता उरतच होती. गुरूच्या मताची कसोटी शिष्याने घ्यावी आणि पुरावा जेथे थांबला तेथे आपणही थांबावे, हे या प्रयोगाचे मोल तीन नव्या जातींहून कमी नाही.

ग्रंथालयात बसून या विषयाचा विचार करताना एक गोष्ट सहज पटते: अक्षरे हाती आली म्हणजे ग्रंथ हाती आला असे होत नाही. बेन्नूवरील अमिनो आम्लांत डावी आणि उजवी अशी दोन्ही रूपे जवळपास सारखीच आहेत. जीवसृष्टी मात्र आपल्या प्रथिनांसाठी डावे रूपच वापरते. ही निवड कोठे व कशी झाली, निर्जीव रेणूंतून स्वतःची प्रत काढणारी रचना कशी उभी राहिली, ही पाने अजून वाचली गेलेली नाहीत. जीव अवकाशातून आला असे मानले, तरी तेथे तो कसा जन्मला हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मलाजखंडचा खडक घडला त्या सुमारास पृथ्वीच्या हवेत मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. तांबे बहुतांशी गंधकाशी जखडलेले होते आणि जीवांना ते सहज मिळत नव्हते. पुढे सूक्ष्मजीवांनीच ऑक्सिजन सोडला, तांबे पाण्यात विरघळू लागले आणि कालांतराने पेशींनी ते श्वसनाच्या कामी लावले. तारा, धूळ, खडक आणि जीव यांचा हा एकच अखंड इतिहास आहे. त्याचे पहिले प्रकरण लिहिण्याचे काम आज कपाटांतून पुस्तके काढणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाच्या तरी वाट्यास यावे, अशी सदिच्छा आहे.