दाव्का : नेमकं की मुद्दाम?

आज आपण एकच शब्द घेऊया. हिब्रू भाषेतला, इस्राएलमध्ये दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा. शब्द आहे 'दाव्का'.

याला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही म्हणतात. मराठीत मात्र मजा आहे. आपल्याकडे एक नाही, तीन सापडतात!

पहिला, 'नेमकं'. छत्री घरी राहिली आणि पाऊस आला, की तिथला माणूस म्हणणार, 'दाव्का हायोम!' हायोम म्हणजे आज. झालं ना, 'नेमका आजच!'

दुसरा, 'उलट'. सगळे म्हणतात पिक्चर बोअर आहे, आणि तुम्हाला आवडला. मग 'दाव्का अहावती', म्हणजे 'मला तर उलट आवडला'.

आणि तिसरा, 'मुद्दाम'. धाकटा भाऊ छळतोय? 'हू ओसे ली दाव्का.' तो मुद्दाम करतोय!

मूळ शब्द अरामी भाषेतला. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या चर्चांमध्ये तो येतो, तेव्हा अर्थ असतो 'काटेकोरपणे, अगदी हेच'. म्हणजे आधी 'हेच', मग 'हेच कसं काय?', आणि शेवटी 'हेच करणार, काय करायचं ते करा'. अचूकपणापासून हट्टापर्यंतचा प्रवास! यिद्दिशमार्फत हा शब्द बर्लिनच्या बोलीतही गेला. तिथे 'आउस दाफके' म्हणजे निव्वळ हट्टानं.

आता हे सगळं मी का सांगतोय? आमच्या टीममधले काही जण तेल अवीवला बसतात. शुक्रवारी त्यांना सुट्टी असते. एका शुक्रवारी सर्व्हर पडला आणि तिकडून ग्रुपवर मेसेज आला, 'दाव्का ऑन फ्रायडे!' आदल्या दिवशीचं रिलीज आमच्या एका नवीन मुलानं केलं होतं. त्यानं शब्दाचा अर्थ शोधला, पहिलाच सापडला 'मुद्दाम, खोडसाळपणे'. पोरगा दिवसभर गप्प. जेवायलाही आला नाही. संध्याकाळी कॉलवर तिकडचा सहकारी हसून म्हणाला, 'अरे, मी माझ्या नशिबाला बोलत होतो!'

बघा, 'नेमकं' म्हटलं की दोष नशिबाला जातो, 'मुद्दाम' म्हटलं की माणसाला. मराठीत बोलणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. हिब्रूत ते आवाजावरून, चेहऱ्यावरून कळतं. आणि चॅटमध्ये आवाजही नसतो, चेहराही नसतो. मग ठरवणारे आपणच. आणि आपण पटकन 'मुद्दाम'च धरतो. रिप्लाय आला नाही? मुद्दाम. स्टोरी बघून गप्प बसली? मुद्दाम.

त्यासाठी हिब्रूतच एक औषध आहे, 'लाव दाव्का'. म्हणजे 'तसंच असेल असं काही नाही'. पुढच्या वेळी कुणाचा मेसेज टोचला, तर चिडण्याआधी एवढं मनात म्हणा. आणि मग सरळ फोन लावून विचारा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. शालोम!