एका कपावर किती वेळ?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा लेखी पाठ)



साठ वर्षांच्या शाळेचा इतिहास लिहिताना वर्गखोल्या, निकाल, स्पर्धा आणि देणगीदार यांची नोंद होतेच. या स्मरणिकेतही ती यथायोग्य झाली आहे. शाळा सुटल्यावर मुले कोणत्या वाटेने घरी जात, वाटेत कोणत्या दुकानापाशी रेंगाळत आणि तिथला माणूस त्यांना कसे वागवीत असे, हे मात्र कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. दिल्लीतील मराठी घरांच्या दोन पिढ्यांसाठी ही वाट पहाडगंज, गोल मार्केट किंवा करोलबाग इथून निघून कॉनॉट प्लेसला पोचत असे. म्हणून आजचा विषय शहराच्या मधोमध असलेली ती जुनी दुकाने, ती कॉफीगृहे आणि त्यांतले गिऱ्हाईक हा आहे.

गिऱ्हाईक हा शब्द मोठा बोलका आहे. मूळ 'ग्राहक', म्हणजे घेणारा. पण मराठीने त्यात एक तिरकस अर्थही भरला. एखाद्याचे गिऱ्हाईक करणे म्हणजे त्याची फजिती करणे. घेणाऱ्याचा मान आणि घेणाऱ्याची फजिती एकाच शब्दात नांदतात, यावरून दुकानाच्या पायरीवर काय काय घडत आले असेल त्याची कल्पना यावी.

कॉनॉट प्लेसचे बांधकाम १९२९ मध्ये सुरू होऊन १९३३ मध्ये पुरे झाले. आराखडा रॉबर्ट टॉर रसेल यांचा. पांढरे खांब, वर्तुळाकार ओवऱ्या आणि मध्ये हिरवळ. आरंभी ही बाजारपेठ इंग्रज अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि संस्थानिक यांच्यासाठीच होती. १९२६ साली एका स्विस दांपत्याने सुरू केलेली वेंगर्स ही बेकरी पुढे याच ओवऱ्यांत आली आणि १९४५ मध्ये भारतीय मालकीची झाली. त्या काळी गिऱ्हाइकाला फार अदबीने वागवीत, असे जुनी माणसे सांगतात. ते खरेच असेल. पण कोणत्या गिऱ्हाइकाला, हेही विचारले पाहिजे. सचिवालयातला मराठी कारकून ओवरीतून चालत जाई, काचेमागची मांडणी पाही आणि पुढे निघून जाई. त्याला दाराशी कोणी अडवीत नसे; अडवण्याची वेळच तो येऊ देत नसे.

त्याचा खरा व्यवहार गोल मार्केटशी होता. १९२१ च्या सुमारास उभी राहिलेली ही इमारत नावाने गोल. नीट पाहिले तर तिला बारा बाजू आहेत. आसपास सरकारी निवासस्थाने होती, त्यामुळे पुणे, नागपूर, सोलापूर इथून बदलून आलेली कुटुंबे तिथे वाणसामान भरत. पहिली अडचण भाषेची येई. पोहे मागितले तर दुकानदार बुचकळ्यात पडे. 'चिवडा' म्हटले की पोह्यांची पुडी हाती पडे. मग ज्याला आपण चिवडा म्हणतो त्याला इथे काय म्हणावे, हा प्रश्न प्रत्येक नव्या गृहिणीला आपापल्या परीने सोडवावा लागे. वर्ष-सहा महिन्यांनी दुकानदारच विचारी, "बहनजी, आपका पोहा?"

त्या दुकानांत उधारीची वही असे. एक तारखेला पगार, दोन-तीन तारखेला हिशेब. यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. उधारी तर गावोगावी होती. पण गावातला वाणी ज्याला उधार देतो त्याचे घर, शेत, भाऊबंद त्याला ठाऊक असतात. इथे समोरचा माणूस बदलीचा होता, परभाषक होता, आणि त्याच्या हाती हुकूम पडला की महिन्याभरात सामान बांधून हजार मैलांवर जाणार होता. तरी त्याच्या नावाचे पान उघडले जाई. कुटुंबातला मुलगा एकटा गेला तरी साखर-चहा मिळे. त्या पानावर आपले नाव आहे, म्हणजे या शहरात आपल्याला कोणी ओळखते, ही भावना परप्रांतात आलेल्या माणसाला किती आधार देते, ते तशा घरांत वाढलेल्यांना सांगायला नको.

फाळणीनंतर बाजाराची रीत पालटली. पश्चिम पंजाबातून आणि सरहद्दीकडून उखडून आलेल्या कुटुंबांना जनपथावर, पंचकुइयां रस्त्यावर आणि इतरत्र ठेले, गाळे मिळाले. कालपर्यंत ज्यांची हवेली होती ते आज फळीवर सुयादोरे मांडून बसले होते. त्यांना प्रत्येक माणूस हवा होता. साहजिकच त्यांनी हाका मारल्या, पाणी पुढे केले, दहा प्रकार उलगडून दाखवले, आणि काही न घेता उठलेल्यालाही "फिर आना जी" म्हणून निरोप दिला. जुन्या दिल्लीकरांनी या मोकळ्या आवाजाला नाके मुरडली. कारकुनाला मात्र कॉनॉट प्लेसच्या परिसरात कोणीतरी प्रथमच "या, बसा" म्हणत होते.

घासाघीस मात्र सगळ्यांना जमत नाही. मराठी मध्यमवर्गीय माणूस तर भाव करताना निम्मा शरमतो आणि घरी आल्यावर फसलो म्हणून उरलेला शरमतो. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, महागाई भडकली आणि त्याच वर्षी कॉनॉट सर्कसला सुपर बाजार हे सहकारी भांडार उघडले. लेबलावर एकच भाव, वस्तू हातात घेऊन पाहण्याची मुभा, पावती. तिथले कर्मचारी गोड बोलत असे कोणीच म्हणणार नाही. पण डाळीचा भाव सचिवाला आणि शिपायाला एकच होता. पुढे तोट्यात जाऊन ते भांडार बंद पडले. त्याच्या रांगांची थट्टा पुष्कळ झाली. त्या रांगेत कोणालाच पुढे बोलावून घेत नसत, ही बाजू थट्टेत राहून गेली.

आता कॉफी हाउसकडे वळू, कारण दिल्लीच्या आठवणींत सर्वाधिक जागा त्यानेच व्यापली आहे.

कॉफीगृहांची ही साखळी १९३६ मध्ये मुंबईत, चर्चगेटजवळ सुरू झाली. कॉफीचा खप वाढावा हा सरळ व्यापारी हेतू होता. स्वातंत्र्यानंतर ती कॉफी बोर्डाकडे राहिली, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बोर्डाने ती बंद करायला घेतली. शेकडो वेटर आणि स्वयंपाकी रस्त्यावर येणार होते. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला स्थापन झाली, आणि २७ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीत 'इंडियन कॉफी हाउस' उघडले. जुन्या 'इंडिया' नावात शेवटी एका अक्षराची भर पडली. त्या एका अक्षरामागे मालकी बदलली होती.

कॉफी हाउसमध्ये एका कपावर दोन-तीन तास बसता येई आणि कोणी उठवीत नसे, हे सगळेच सांगतात. याचे श्रेय लोक त्या काळाला देतात. तेव्हाची माणसेच निवांत होती, असे म्हणतात. निवांतपणाने उपाहारगृह चालत नाही. पांढरा पोशाख, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर तुरेदार पगडी घालून जो कप आणून ठेवी, तोच त्या संस्थेचा भागीदार होता. त्याच्या मागे उभा राहून 'टेबल रिकामे कर' असे खुणावणारा मालक नव्हता. त्यामुळे त्याला लवून सलाम करायचे कारण नव्हते आणि गिऱ्हाइकाला घाई करायचेही नव्हते. आणखी एक गोष्ट. देशभर अनेक उपाहारगृहे एका जातीच्या नावाने चालत. बंगळूरचे नामांकित एमटीआर १९२४ मध्ये 'ब्राह्मिन कॉफी क्लब' या नावानेच सुरू झाले होते. कॉफी हाउसच्या टेबलापाशी असा प्रश्न येत नव्हता. एका खुर्चीवर राममनोहर लोहियांसारखा नेता, शेजारी बेकार पदवीधर, पलीकडे चित्रकार. सर्वांना कप सारखा आणि दरही सारखाच.

आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ते कॉफी हाउस पाडण्यात आले. जिथे इतके बोलले जाते ती जागा त्या दिवसांत राज्यकर्त्यांना नकोशी झाली, यात आश्चर्य ते काय! काही वर्षांत त्याच भागात जमिनीखाली पालिका बाजार झाला. तिथे दुकानदाराने चौपट सांगावे, घेणाऱ्याने चौथाई मागावे आणि दोघांनीही आपण जिंकलो असे समजावे, अशी रीत पडली. ज्या जागी कोणी उठवीत नव्हते त्या जागी कोणी बसू शकत नाही, हा बदल अनेकांच्या जिव्हारी लागला. कॉफी हाउस बाबा खडकसिंग मार्गावरील मोहनसिंग प्लेसच्या वरच्या मजल्यावर गेले. 'आवारा मसीहा' हे शरच्चंद्रांचे चरित्र लिहिणारे विष्णु प्रभाकर अजमेरी गेटकडून तिथे येत राहिले आणि त्यांच्याभोवती नवे लेखक जमत राहिले.

इथवर ऐकताना सभागृहातील भगिनींच्या मनात एक शंका आलीच असेल. या आठवणी बहुतेक पुरुषांनी लिहिल्या आहेत. एका कपावर तीन तास बसणारा तो होता. ती त्या वेळी घरी कुकर लावीत होती. बायकांसाठी उपाहारगृहांत 'फॅमिली केबिन' असे, म्हणजे फळ्यांची खोपटी आणि पुढे मळका पडदा. त्याला सन्मान म्हणत. दोन मैत्रिणी पुरुषमाणसाशिवाय आल्या तर वेटरची नजर आधी येई आणि पाणी मागाहून.

म्हणून १९७७ मध्ये निरुलाजचे 'हॉट शॉप' निघाले त्याची नोंद वेगळ्या शाईने करावी लागेल. निरुला कुटुंबाचा कॉनॉट प्लेसमधील व्यवसाय १९३४ पासूनचा. पण हे दुकान निराळे होते. काउंटरवर पैसे द्यायचे, आपला ट्रे आपण उचलायचा, जागा दिसेल तिथे बसायचे. स्वयंसेवेमुळे आतिथ्य संपले, अशी तक्रार वडीलधाऱ्यांनी केली. मुलींचा अनुभव उलटा होता. आपल्याकडे कोणी निरखून पाहत नाही, पडदा नाही, कोण कोणाबरोबर आले हे विचारणारा कोणी नाही. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर वर्गातल्या चार मुलींनी आपल्या आपण जाऊन आइसक्रीम खाणे ही गोष्ट त्या पिढीच्या आयांना मिळाली नव्हती.

याच निरुलाजमध्ये चांगले गुण मिळवलेल्या मुलांना गुणपत्रिका दाखवली की आइसक्रीम फुकट मिळे. दिल्लीत शिकलेल्या कितीतरी प्रौढ माणसांना आपला निकाल आठवत नाही, ते आइसक्रीम आठवते. दुकानदाराने शाळेच्या कागदाला इतका मान द्यावा, याचे शिक्षकांना कौतुक वाटणारच. फक्त एक गोष्ट शिक्षकांच्याच लक्षात येते. बावन्न टक्केवाला मुलगाही भावाबरोबर त्याच काउंटरपाशी उभा असे, आणि त्याच्या आइसक्रीमचे पैसे वडील मोजून देत. त्या क्षणी त्याला काय वाटले ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्या मुलाला बरे वाटेल अशी जागा पुस्तकांच्या दुकानात होती. कॉनॉट प्लेसमध्ये ती बरीच होती. त्यांतली काही आता बंद झाली. पीपल्स पब्लिशिंग हाउसमध्ये सोव्हिएत पुस्तके इतकी स्वस्त असत की खाऊच्या पैशांत रंगीत चित्रांची गोष्ट घरी नेता येई. आणि नाही नेली तरी उभ्याने वाचता येई. पान दुमडू नये, हात स्वच्छ असावेत, इतकीच अपेक्षा. अशा दुकानातला माणूस मुलाला 'काय हवे' असे विचारत नसे. विचारले की मुले पळून जातात, हे त्याला कळत होते.

आजही मोहनसिंग प्लेसच्या खालच्या मजल्यांवर जीन्स शिवणाऱ्यांची दुकाने आहेत; माप देऊन बाजारात फेरी मारली की काही तासांत कपडा तयार मिळतो. तिथून जिना चढून वर गेले की गच्चीवर कॉफी हाउसच्या खुर्च्या आहेत. माकडे येतात, पंखे कुरकुरतात, भिंतींना रंग हवा आहे. दुपारच्या वेळी तीन-चार निवृत्त माणसे एका टेबलाभोवती बसलेली असतात, पुढचे कप केव्हाच रिकामे झालेले असतात, आणि पगडीवाला वेटर त्यांना वळसा घालून पलीकडच्या टेबलाकडे जातो.