मेंदू व मणक्याची शस्त्रक्रिया : नवे तंत्र आणि जुनी भीती
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



"मेंदूचे ऑपरेशन म्हणजे माणूस गेला, मणक्याचे ऑपरेशन म्हणजे पाय गेले," हे वाक्य आम्ही बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकतो. ही भीती केवळ अज्ञानातून आलेली नाही. एके काळी तिला सबळ कारण होते. कवटीच्या आतले काही दिसतच नसे. साध्या एक्स-रेत हाड उमटते, मेंदू उमटत नाही. म्हणून पाठीत सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढीत, त्या जागी हवा भरीत आणि हवेच्या सावलीवरून गाठीचा अंदाज बांधीत. रुग्णाचे डोके असह्य दुखे आणि एवढे करूनही हाती अंदाजच येई.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. गाठ चित्रात स्पष्ट दिसली. हे यंत्र बनविणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवीही नव्हती. १९७९ साली अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासमवेत त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. गणितात, भौतिकशास्त्रात रमणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे एमआरआय आले. त्यात क्ष-किरण नाहीत, चुंबक व रेडिओलहरी आहेत. मज्जारज्जू आणि नसा त्यात सीटीपेक्षा कितीतरी चांगल्या दिसतात.

दिसणे ही अर्धी लढाई. उरलेली अर्धी हातांची. झुरिकच्या यासरगिल यांनी १९६७ पासून सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या शिवून दाखविल्या. आता त्याच्या जोडीला नेव्हिगेशन आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा स्कॅन संगणकात भरतात, कॅमेरा अवजाराची जागा टिपतो आणि टोक मेंदूत नेमके कोठे आहे ते पडद्यावर दिसते.

परंतु येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. कवटी उघडून पाणी वाहून गेले की मेंदू थोडा खाली बसतो. पडद्यावरचे चित्र मात्र सकाळचेच असते. उमेदीच्या काळात एका शस्त्रक्रियेत आम्ही पडद्यावर विसंबून गाठ शोधीत राहिलो. ज्येष्ठ सरांनी पडदा बाजूला करावयास सांगितला, बोटाने हलकेच चाचपले आणि गाठ दाखविली. ती काही मिलिमीटर सरकली होती. मेंदूत काही मिलिमीटर म्हणजे वाचा जाण्याइतके अंतर असू शकते.

वाचेजवळ गाठ असली तर आम्ही काही रुग्णांना शस्त्रक्रियेत जागे ठेवतो. मेंदूला स्वतःला वेदना नसते; दुखते ती त्वचा, आणि ती बधिर करता येते. एका शिंप्याला आम्ही चित्रे दाखवीत होतो. कात्री, सुई, बटण असे तो सांगत गेला आणि एका ठिकाणी विजेचा सौम्य स्पर्श होताच "कात्री" म्हणता येईना. ती जागा आम्ही सोडली. थोडी गाठ मागे राहिली, पण तो गिऱ्हाइकाशी बोलू शकतो.

मणक्यात स्क्रू बसविताना आता एक्स-रेचे सी-आर्म यंत्र, नेव्हिगेशन, क्वचित रोबोटही असतो. नसांचे विद्युतसंकेत सतत तपासता येतात. धोका संपला असे नाही, तो कमी झाला. शिवाय कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही, ही गोष्ट महागड्या यंत्रांच्या जाहिराती सांगत नाहीत.

उलट काही वेळा एक दिवसही थांबता येत नाही. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली, पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. मालिश करीत, अंगारा लावीत आठवडा घालविलेले रुग्ण आमच्याकडे येतात; तेव्हा नस दाबून निकामी झालेली असते आणि कोणतेही यंत्र ती परत आणीत नाही. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला मुलगा आधी बोलून, हिंडून मग गुंगीत जाऊ लागला तरीही तसेच. त्याला रोबोट लागत नाही. वेळेवर सीटी स्कॅन आणि साचलेले रक्त काढणारा सर्जन लागतो.

खर्चाचे काय, हे आपण विचारालच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदू व मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दागिने मोडण्यापूर्वी रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि जुन्या स्कॅनच्या फिल्म घरी ठेवून येऊ नयेत.