बाहेरगावची सीडी

चिखली-मेहकरकडचा रुग्ण सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायला कधी अकोल्याला, कधी छत्रपती संभाजीनगरला जातो आणि सीडी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे परततो. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, त्या प्रतिमा दवाखान्याच्या संगणकात उघडतात. कारण ही यंत्रे एकच आंतरराष्ट्रीय पद्धत पाळतात. १९९३ पासून तिला ‘डायकॉम’ म्हणतात. तीत प्रतिमेबरोबरच रुग्णाचे नाव, क्रमांक आणि तपासणीची तारीखही साठवलेली असते.

गोम आहे ती इथेच. बाहेरच्या केंद्राचा क्रमांक आपल्या दवाखान्यात चालत नाही. नावावर जावे, तर शेगावच्या परिसरात गजानन काय थोडे आहेत? म्हणून प्रतिमा संगणकात भरताना पूर्ण नाव आणि जन्मतारीख ताडून त्या रुग्णाच्या इथल्या क्रमांकाखाली लावाव्यात. तपासणीची मूळ तारीख मात्र बदलू नये. दोन वर्षांपूर्वीची प्रतिमा आजच्या तारखेखाली गेली, तर गाठ वाढली की कमी झाली, हे डॉक्टरांना कळणार कसे?

आपणही एवढे करा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा मानू नका. सीडी आणि अहवाल जपून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही सोबत न्या.